भारतीय विज्ञान काँग्रेस : नेतृत्व, परीक्षण आणि नूतनीकरणाचा प्रश्न

प्रास्ताविक

शास्त्रज्ञांची व्यावसायिक संघटना ही केवळ सभासदांची नोंदवही नसते. एकाच विषयात काम करणाऱ्या, परंतु गावोगावी विखुरलेल्या अभ्यासकांना एकत्र आणणे, त्यांच्या निष्कर्षांची सहकाऱ्यांकडून तपासणी करवून घेणे आणि तपासून निघालेले ज्ञान समाजापुढे ठेवणे, ही तिची तीन मूलभूत कार्ये होत. पहिले कार्य साधले आणि दुसरे निसटले, तर संघटनेचे संमेलन होते. परंतु शास्त्र मागे पडते. या दृष्टीने भारतीय विज्ञान काँग्रेस असोसिएशन या शतकाहून अधिक जुन्या संस्थेची वाटचाल तपासणे उद्बोधक ठरते. भारतातील या सर्वांत मोठ्या विज्ञान-संमेलनाची परंपरा २०२४ च्या जानेवारीत खंडित झाली. ही घटना केवळ निधीच्या वादातून उद्भवली, की तिची मुळे संस्थेच्या नेतृत्वाच्या घडणीत आहेत, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

महाराष्ट्राचा या संस्थेशी जुना संबंध आहे. मुंबई, पुणे आणि नागपूर या तिन्ही शहरांत तिची अधिवेशने अनेकदा भरली. विशेष म्हणजे ज्या अधिवेशनावर सर्वाधिक टीका झाली, त्या २०१५ च्या मुंबई अधिवेशनाचे सर्वसाधारण अध्यक्षपद डॉ. सर्जेराव निमसे यांच्याकडे होते. गणिताचे प्राध्यापक आणि अहमदनगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजचे प्राचार्य म्हणून ते जिल्ह्याला परिचित आहेत; अध्यक्षपदाच्या काळात ते लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यामुळे आज अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील प्राध्यापकवर्गाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

संस्थेची घडण

विज्ञान काँग्रेसची कल्पना जे. एल. सायमनसेन आणि पी. एस. मॅकमहॉन या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांची. हे दोघेही भारतातील महाविद्यालयांत अध्यापन करीत होते, ही बाब लक्षणीय आहे. ब्रिटिश असोसिएशनच्या धर्तीवर दरवर्षी एक बैठक भरवावी, असा त्यांचा विचार होता. त्यानुसार १५ ते १७ जानेवारी १९१४ या काळात कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत पहिली बैठक झाली. अध्यक्ष होते सर आशुतोष मुखर्जी. १०५ शास्त्रज्ञ उपस्थित होते आणि ३५ निबंध सहा विभागांत वाचले गेले. १०५ उपस्थित आणि ३५ निबंध, हे प्रमाण नीट पाहिले पाहिजे. येथे बोलणाऱ्यांपेक्षा ऐकणारे अधिक होते आणि ऐकणारेही त्याच शास्त्रांतले होते. निबंधाची खरी कसोटी त्या श्रोत्यांपुढे लागत असे.

अशा संघटनेची गरज सर्वाधिक कोणाला असते, हे याच काळातील दुसऱ्या एका उदाहरणावरून स्पष्ट होते. १९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरांनी गणितप्रेमींचे एक मंडळ स्थापन केले. तेच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी म्हणून प्रसिद्ध झाले. मद्रास इलाख्यातील या अधिकाऱ्याची अडचण साधी होती : नेमणुकीच्या गावी गणिताची पुस्तके आणि नियतकालिके मिळत नव्हती. सभासदांनी वर्गणी गोळा करून ती मागवावीत आणि टपालाने एकमेकांकडे फिरवावीत, ही योजना त्यांनी मांडली. सोसायटीचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ठेवण्यात आले. श्रीनिवास रामानुजन यांचा बर्नुली संख्यांवरील पहिला शोधनिबंध १९११ मध्ये याच सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्याच्या हाती पदवी नव्हती, त्याला ओळख मिळाली ती आडगावच्या अभ्यासकांनी वर्गणी काढून उभ्या केलेल्या संस्थेमुळे. मोठ्या संस्थेतील संशोधकाला सहकारी शेजारच्या खोलीत भेटतो; एकट्या पडलेल्या अभ्यासकाला तो संघटनेतच भेटतो. पुढील विवेचनाचा हा पाया आहे.

अध्यक्षपदाची परंपरा

विज्ञान काँग्रेसच्या अध्यक्षांची यादी म्हणजे भारतीय विज्ञानाचा संक्षिप्त इतिहासच होय. नागपूरच्या १९२० च्या अधिवेशनाचे अध्यक्ष आचार्य प्रफुल्लचंद्र राय होते. जगदीशचंद्र बोस, चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हे पद भूषविले. १९३८ च्या रौप्यमहोत्सवी अधिवेशनासाठी लॉर्ड रदरफर्ड यांची निवड झाली होती. त्यांच्या निधनामुळे सर जेम्स जीन्स यांनी ती जबाबदारी पार पाडली. १९७५ मध्ये असीमा चटर्जी या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

तथापि नामावलीपेक्षा या पदाचा उपयोग कसा झाला, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रातील तीन अधिवेशने त्यासाठी पुरेशी आहेत. १९३४ च्या मुंबई अधिवेशनाचे अध्यक्ष मेघनाद साहा यांनी देशव्यापी विज्ञान अकादमीची गरज मांडली. त्या चर्चेतून १९३५ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया स्थापन झाली. आजची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी ती हीच. १९५० च्या पुणे अधिवेशनात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी अध्यक्षीय भाषणाचा विषयच संख्याशास्त्र कशासाठी हा घेतला आणि नव्या प्रजासत्ताकाच्या उंबरठ्यावर मोजणीच्या शास्त्राची बाजू मांडली. २००० च्या पुणे अधिवेशनात डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी बालककेंद्री शिक्षण, स्त्रीकेंद्री कुटुंब, मानवकेंद्री विकास, ज्ञानकेंद्री समाज आणि नवनिर्मितीकेंद्री भारत असे नवे पंचशील मांडले.

या तीन भाषणांत एक फरक दिसतो. साहांचे आवाहन संस्थेच्या सभासदांना होते. त्यांनीच अकादमी उभी करावयाची होती. महालनोबिसांचे प्रतिपादन एका शास्त्रासाठी होते. माशेलकरांचे पंचशील संपूर्ण राष्ट्राला उद्देशून आहे. त्याची व्यापकता आणि प्रेरकता निर्विवाद आहे. पण त्यात विज्ञान काँग्रेस या संस्थेने स्वतः काय करावे, याचा निर्देश दिसत नाही. अर्थात हा दोष वक्त्याचा नव्हे. मधल्या अर्धशतकात व्यासपीठाचे तोंडच बदलले होते. १९४७ च्या दिल्ली अधिवेशनाचे अध्यक्षपद पंडित जवाहरलाल नेहरू यांनी स्वीकारले आणि पुढे पंतप्रधानांनी उद्घाटन करावे, ही प्रथा रूढ झाली. त्यामुळे विज्ञानाला राज्यकर्त्यांचे लक्ष मिळाले, हा लाभ मोठाच. मात्र त्याबरोबर संस्थेचे लक्षही विभागांतील निबंधवाचनाकडून उद्घाटनाच्या मंडपाकडे वळले. १९७६ पासून प्रत्येक अधिवेशनाला एक मध्यवर्ती विषय देण्याची पद्धत सुरू झाली. राष्ट्रीय प्रश्नांवर सर्व शास्त्रांनी एकत्र विचार करावा, हा हेतू उचित होता. परंतु विषय जितका व्यापक तितकी त्यावरील भाषणांची तपासणी अवघड होत गेली.

परीक्षणाची हानी

या पार्श्वभूमीवर १०२ व्या अधिवेशनाचा विचार करावा लागतो. हे अधिवेशन ३ ते ७ जानेवारी २०१५ या काळात मुंबई विद्यापीठात झाले. संस्कृतमधील प्राचीन विज्ञान या विषयावरील परिसंवादात प्राचीन भारतीय विमानविद्येवर एक निबंध सादर झाला. हजारो वर्षांपूर्वी ग्रहाग्रहांतून फिरणारी आणि मागेही उडू शकणारी विमाने होती, असे प्रतिपादन त्यात होते. निबंध कार्यक्रमातून वगळावा, अशी मागणी अधिवेशनापूर्वीच झाली होती. तरीही तो वाचला गेला.

येथे मूळ मुद्दा प्राचीन वारशाच्या अभिमानाचा नाही. भारतीय गणित, खगोल, धातुविद्या आणि शल्यचिकित्सा यांचा इतिहास हा गंभीर अभ्यासाचा विषय आहे आणि त्याला विज्ञान काँग्रेसमध्ये स्थान असणे योग्यच होय. मुद्दा असा की, ज्या ग्रंथाचा आधार या प्रतिपादनास होता, त्या वैमानिक शास्त्राची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्येच केली होती. हा ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत रचला गेला आणि त्यातील विमाने उड्डाणाच्या नियमांत बसत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे सहकारी शास्त्रज्ञांनी चाळीस वर्षांपूर्वी दिलेले उत्तर उपलब्ध असताना त्यांच्याच संघटनेने प्रश्न नव्याने, आणि त्या उत्तराचा उल्लेखही न करता, व्यासपीठावर येऊ दिला. संघटनेची स्मृती हरवली, असेच यास म्हणावे लागेल. १९७४ चा तो निबंध त्याच परिसंवादात शेजारी ठेवला असता, तर विद्यार्थ्यांना दावा आणि त्याची तपासणी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाहावयास मिळाल्या असत्या. ती संधी वाया गेली.

या प्रकरणी एखाद्या व्यक्तीकडे बोट दाखवून सुटका होत नाही. सर्वसाधारण अध्यक्षाची मुदत एका वर्षाची असते. अधिवेशनाची व्यवस्था यजमान विद्यापीठाकडे, विभागांचे कामकाज विभागीय अध्यक्षांकडे, तर निधीचा मोठा भाग शासनाकडे, अशी ही रचना आहे. अध्यक्षाला मान मिळतो. परंतु कोण काय बोलणार, याची जबाबदारी निश्चितपणे कोणाची, हे रचनेतून स्पष्ट होत नाही. जबाबदारी सर्वांची असते, तेव्हा ती कोणाचीच राहत नाही. याच मुंबईत १९३४ मध्ये त्याच पदावरून एक अकादमी उभी राहिली होती, हे आठवले म्हणजे पदाची नव्हे, तर पदाभोवतीच्या व्यवस्थेची झीज लक्षात येते.

पुढील घटना याच दिशेने झाल्या. रसायनशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे मानकरी आणि रॉयल सोसायटीचे तत्कालीन अध्यक्ष वेंकटरामन रामकृष्णन यांनी जानेवारी २०१६ मध्ये विज्ञान काँग्रेसला सर्कशीची उपमा दिली आणि पुन्हा तेथे न जाण्याचा निर्णय सांगितला. जानेवारी २०१९ मधील जालंधर अधिवेशनात, तेही बाल विज्ञान काँग्रेसमध्ये, कौरवांचा जन्म परीक्षानळीच्या तंत्राने झाल्याचे एका कुलगुरूंनी सांगितले; दुसऱ्या एका वक्त्याने न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे सिद्धान्त चुकीचे ठरविले. देशभर निषेध झाल्यानंतर वक्त्यांकडून भाषणाचा सारांश आधी घेण्याची भूमिका असोसिएशनने घेतली. उपाय योग्य होता. पण १०५ वर्षांच्या संस्थेला तो नव्याने जाहीर करावा लागावा, यातच परीक्षणाची हानी किती झाली होती, हे दिसते.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागेल. विज्ञान काँग्रेस ही जत्रा आहे आणि जत्रेला जत्रेचेच मोल असते, असे काही अभ्यासक म्हणतात. उच्च संशोधनासाठी स्वतंत्र परिषदा आणि नियतकालिके आहेत. या संमेलनाचे काम विद्यार्थ्यांना शास्त्रज्ञ दाखविणे, छोट्या महाविद्यालयातील शिक्षकाला निबंधवाचनाची संधी देणे हे आहे. सर्कस म्हणून तिची संभावना करणे हा उच्चभ्रूपणा होय, असा हा युक्तिवाद आहे. त्यात तथ्य आहे. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. तज्ज्ञांच्या बैठकीत चुकीचे विधान झाले, तर श्रोतेच ते खोडून काढतात. शाळकरी मुलांपुढे कुलगुरूपदाच्या अधिकाराने केलेले विधान मात्र खोडले जात नाही; ते घरी नेले जाते. म्हणून जत्रेला परीक्षणाची गरज तज्ज्ञसभेपेक्षा कमी नसून अधिक आहे.

आर्थिक परावलंबन आणि खंड

१०८ वे अधिवेशन जानेवारी २०२३ मध्ये नागपूर विद्यापीठात झाले. अध्यक्ष डॉ. विजयलक्ष्मी सक्सेना होत्या आणि महिला सक्षमीकरणासह शाश्वत विकास हा मध्यवर्ती विषय होता. पंतप्रधानांनी त्यास दूरदृश्य प्रणालीद्वारे संबोधित केले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात केंद्र शासनाच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने आर्थिक अनियमिततेचा आक्षेप घेऊन निधी थांबविला. अधिवेशनाचे स्थळ लखनौहून जालंधरला हलविण्याच्या निर्णयावरूनही मतभेद झाले. असोसिएशनने आरोप नाकारले आणि वाद न्यायालयात गेला. परिणामी जानेवारी २०२४ चे नियोजित १०९ वे अधिवेशन झाले नाही. २०२५ च्या जानेवारीतही ते भरले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने नवी दिल्ली येथे उदयोन्मुख विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोन्मेष या विषयांवरील स्वतंत्र परिषद आयोजित केली.

या वादातील न्याय-अन्याय ठरविणे हे या लेखाचे प्रयोजन नाही. संघटनशास्त्राच्या दृष्टीने दोन गोष्टी मात्र नमूद कराव्या लागतात. पहिली, ज्या संघटनेची सभासदसंख्या तीस हजारांच्या पुढे सांगितली जाते, तिचे वार्षिक अधिवेशन एका अनुदानाअभावी थांबते, याचा अर्थ सभासद हा तिचा आधार राहिलेला नव्हता. अय्यर यांच्या मंडळात वर्गणी हीच संस्था होती. येथे वर्गणी ही केवळ प्रवेशिका झाली. दुसरी गोष्ट अशी की, अधिवेशन थांबल्यावर सभासदांतून मोठा आवाज उठल्याचे दिसले नाही. ज्या संस्थेच्या अनुपस्थितीची उणीव तिच्या सभासदांनाच तीव्रतेने जाणवत नाही, तिचे नूतनीकरण निधी परत मिळाल्याने होणार नाही.

शासकीय परिषद ही विज्ञान काँग्रेसची जागा घेऊ शकेल काय, हा प्रश्नही येथे उपस्थित होतो. अशा परिषदेत शासनाची धोरणे, उद्योग आणि अग्रगण्य संस्था एकत्र येतात आणि तिचे महत्त्व स्वतंत्र आहे. परंतु तेथे शास्त्रज्ञ निमंत्रित असतो, संघटनेत तो सभासद असतो. निमंत्रिताला पदाधिकारी निवडता येत नाहीत, हिशेब मागता येत नाही. हा भेद गौण नाही.

नूतनीकरणाचे पूर्वदाखले

विज्ञानसंस्थांचा ऱ्हास आणि पुनरुज्जीवन या घटना नव्या नाहीत. १८३० मध्ये चार्ल्स बॅबेज यांनी इंग्लंडमधील विज्ञानाच्या ऱ्हासावर पुस्तक लिहून रॉयल सोसायटीवर कठोर टीका केली. शास्त्राशी संबंध नसलेले प्रतिष्ठित लोक सोसायटीत मोठ्या संख्येने होते, हे तिचे मुख्य दुखणे. पुढच्याच वर्षी, १८३१ मध्ये, यॉर्क येथे ब्रिटिश असोसिएशनची स्थापना झाली. रॉयल सोसायटीनेही १८४७ मध्ये नियम बदलून दरवर्षी निवडावयाच्या सभासदांची संख्या १५ पर्यंत मर्यादित केली आणि निवडीचा निकष शास्त्रीय गुणवत्ता हा ठरविला. सोसायटी वाचली ती नव्या इमारतीमुळे किंवा नव्या आश्रयदात्यामुळे नव्हे, तर कोणाला आत घ्यावयाचे या एका नियमामुळे.

महाराष्ट्रातील दाखला याहून जवळचा आहे. २४ एप्रिल १९६६ रोजी स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत डॉ. जयंत नारळीकर यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठविली. आपल्या नावाचा परिणाम परीक्षकांवर होऊ नये, ही त्यामागील भूमिका होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. या प्रसंगाकडे बहुधा गंमत म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तो संघटनेच्या नीतीचा वस्तुपाठ आहे. तेथे जागतिक कीर्तीचा शास्त्रज्ञ स्वतःहून नाव बाजूला ठेवून तपासणीस सामोरा गेला. विज्ञान काँग्रेसच्या व्यासपीठावर मात्र पदाच्या बळावर तपासणी टळत गेली. नेतृत्वाची खूण यांपैकी पहिल्या कृतीत आहे.

ग्रामीण महाविद्यालय आणि संघटना

विज्ञान काँग्रेस बंद पडल्याने कोणाचे नुकसान होते? मोठ्या राष्ट्रीय संस्थांतील संशोधकांचे फारसे नाही. नुकसान होते ते पारनेर तालुक्यातील सुप्यासारख्या गावी अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकाचे. पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील या गावाजवळ मोठी औद्योगिक वसाहत आहे, परिसर अवर्षणप्रवण आहे, राळेगणसिद्धीचे पाणलोट क्षेत्राचे काम याच तालुक्यातले आणि निघोजचे कुकडी नदीतील रांजणखळगेही येथलेच. भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, समाजशास्त्र या विषयांच्या शिक्षकाला येथे निरीक्षणासाठी विषयांची वाण नाही. वाण आहे ती ते निरीक्षण ऐकून, त्यातील चूक दाखवून, पुढची दिशा सुचविणाऱ्या सहकाऱ्याची. विज्ञान काँग्रेसचे विभाग ही ती जागा होती.

ती जागा रिकामी झाली, की तेथे अन्य गोष्टी शिरतात. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने शैक्षणिक कामगिरीचे गुणांक लागू केले आणि परिषदांतील निबंधवाचनाला गुण प्राप्त झाले. त्यानंतर परिषदांची संख्या वाढली. परंतु निबंध वाचून झाल्यावर एकही प्रश्न विचारला गेला नाही, तरी प्रमाणपत्र मिळते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. विज्ञान काँग्रेसच्या मंडपात जे घडले, तेच लहान प्रमाणात महाविद्यालयांच्या सभागृहांत घडते. तेव्हा राष्ट्रीय संस्थेवरील टीका ही स्वपरीक्षणाशिवाय पूर्ण होऊ शकत नाही.

या विवेचनावरून नूतनीकरणाच्या काही दिशा सूचित होतात. अध्यक्षपदाची मुदत किमान तीन वर्षांची करून परीक्षणाची अंतिम जबाबदारी त्या पदाकडे द्यावी. प्रत्येक भाषणाचा सारांश, वक्ता कोणत्याही पदावरील असो, संबंधित विभागाने आधी तपासावा आणि भाषणानंतर प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवावा. लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी सर्व सभासदांना उपलब्ध व्हावेत. अधिवेशनाचा खर्च सभासदांच्या वर्गणीच्या आवाक्यात आणावा. त्यासाठी मंडप लहान करावा लागला, तरी हरकत नसावी. प्रादेशिक केंद्रांमार्फत जिल्हा पातळीवर विभागनिहाय बैठका घ्याव्यात. यांपैकी शेवटच्या कामासाठी कोणाच्या अनुदानाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. दोन-तीन शेजारच्या महाविद्यालयांतील एकाच विषयाचे शिक्षक दरमहा एकत्र येऊन एकमेकांचे निबंध तपासू लागले, तरी संघटनेचे मूळ कार्य सुरू होते.

समारोप

भारतीय विज्ञान काँग्रेसचा प्रवास पाहता असे म्हणता येते की, तिचा ऱ्हास निधी थांबल्यामुळे सुरू झाला नाही. निधी थांबला, तेव्हा तो केवळ उघड झाला. ऐकणाऱ्या तज्ज्ञांची संस्था क्रमाने बोलणाऱ्या मान्यवरांची संस्था होत गेली, हे मूळ कारण होय. अशा संस्थेचे नेतृत्व म्हणजे व्यासपीठावरील मधली खुर्ची नव्हे. कोणाचेही विधान तपासणीवाचून पुढे जाणार नाही, अशी व्यवस्था उभी करणे आणि त्या व्यवस्थेला प्रथम स्वतः सामोरे जाणे, हे तिचे नेतृत्व. १९१४ मध्ये ही संस्था महाविद्यालयात शिकविणाऱ्या दोन अध्यापकांच्या गरजेतून जन्मली होती. तिचे नूतनीकरणही त्याच वर्गाच्या गरजेतून होण्याची शक्यता अधिक आहे. कारण ती नसल्याने खऱ्या अर्थाने एकटा पडतो, तो हाच वर्ग.